मधुमेहाच्या चूर्णाची जाहिरात रिजेक्ट होतेय, शब्द बदलून चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडे काकांचा आयुर्वेदिक औषधांचा छोटा कारखाना आहे, रीतसर लायसन्स आहे, पुतण्या त्यांचं फेसबुक-इन्स्टा सांभाळतो. मधुमेहाचं चूर्ण आणि केसांचं तेल हे दोन मुख्य प्रॉडक्ट. चूर्णाची ॲड सारखी रिजेक्ट होते म्हणून पुतण्याने विचारलंय की 'मधुमेह' ऐवजी 'गोड त्रास' किंवा मध्ये चांदणी टाकून 'शु*र' असं लिहिलं तर चालेल का, आणि ग्राहकांनी स्वतःहून पाठवलेले रिपोर्टसकट व्हिडिओ टाकले तर तो आमचा दावा धरतात का.

आधी माझ्याबद्दल एवढंच की मी फार्मासिस्ट आहे, सहा वर्षं साताऱ्यात मेडिकलच्या काउंटरवर होते आणि त्यानंतर गेली पंधरा वर्षं औषध कंपन्यांची लेबलं आणि जाहिराती छापायला जाण्याआधी तपासते. मी वकील नाही, त्यामुळे तुमच्याकडे ऑलरेडी नोटीस आली असेल तर हे वाचत बसू नका, वकील गाठा. नोटीस नसेल तर पुढे वाचा, थोडं लांब आहे.

तुम्ही विचारताय की कोणता शब्द पास होईल. पण जरा विचार करा, 'गोड त्रास' लिहिल्यावर वाचणाऱ्याला मधुमेह कळला तर ती जाहिरात मधुमेहाचीच झाली, आणि त्याला कळलंच नाही तर जाहिरातीवर घातलेले पैसे वाया गेले. मधला शब्द नाहीच, कितीही शोधला तरी सापडणार नाही. फेसबुकचं मशीन शब्द पकडतं, कायदा मात्र वाचणाऱ्याने काय अर्थ घेतला ते बघतो. उलट चांदणी टाकून लिहिलं की एक गोष्ट आपोआप सिद्ध होते, ती म्हणजे तुम्हाला नियम माहीत होता आणि तुम्ही तो चुकवत होता. माझ्याकडे असा मजकूर आला तर मी पहिली काट त्यावरच मारते.

आता कायदा. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. त्याला ५४ आजारांची यादी जोडलेली आहे आणि त्या यादीतला आजार ओळखणं, बरा करणं, कमी करणं किंवा टाळणं यासाठी अमुक औषध वापरा असं सुचवणारी जाहिरात लोकांसमोर करताच येत नाही, हे त्याचं कलम ३. मधुमेह त्यात आहे. कॅन्सर, हृदयविकार, कमी-जास्त बीपी, मुतखडा, संधिवात, कोड, अर्धांगवायू, फिट्स, मोतीबिंदू, लठ्ठपणा, उंची वाढवणं, स्त्रीचं वंध्यत्व, अगदी सरसकट 'ताप' सुद्धा आहे. यादी जुनी आहे, त्यात प्लेग आणि देवीसुद्धा आहेत, पण आजही तीच लागू आहे. पहिल्यांदा दोषी ठरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा ठरलं तर एक वर्षापर्यंत.

इथे बहुतेक जण अडतात आणि तुमचे काकाही अडतील. ते म्हणतील, 'अरे पण आपलं चूर्ण लोकांना लागू पडतं, खोटं कुठे सांगतोय आपण?' मी त्यांचं म्हणणं खोटं धरत नाही. पण कलम ३ मध्ये औषध लागू पडतं की नाही हा प्रश्नच नाहीये. खोट्या आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलम ४ वेगळं आहे. कलम ३ म्हणतं की हे आजार असे आहेत की माणसाने जाहिरात बघून स्वतःच्या मनाने औषध सुरू करू नये, मग ते औषध चांगलं का असेना.

असं का, ते मला कायद्याच्या पुस्तकातून नाही, काउंटरवर कळलं. एक आजोबा दर महिन्याला मेटफॉर्मिनच्या, म्हणजे मधुमेहाच्या गोळ्यांच्या, पट्ट्या न्यायला यायचे, शेतकरी माणूस, पैसे मोजून कागदात बांधून आणायचे. मग तीन-चार महिने दिसलेच नाहीत. आले ते ड्रेसिंगचं सामान घ्यायला, पायाच्या अंगठ्याला जखम, भरतच नव्हती. मी विचारलं की आजोबा गोळ्या दुसरीकडून घेताय का, तर म्हणाले, 'गोळी सोडली की मी, नातवानं मोबाईलवर दाखवलं, मुळापासून जाणारं औषध हाय.' मी ती जाहिरात नंतर नातवाच्या फोनवर बघितली, नीट दोनदा वाचली. गोळी बंद करा असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. फक्त 'मुळापासून' एवढा एकच शब्द होता आणि आजोबांनी त्याचा जो सरळ अर्थ होतो तोच घेतला. मूळच जाणार असेल तर गोळी कशाला घ्यायची? पुढे त्यांचा अंगठा काढावा लागला. त्या दिवसापासून मी कुठलाही मजकूर तपासताना वाक्य बरोबर आहे का एवढंच बघत नाही, हे वाचल्यावर घरातला माणूस आज रात्रीच्या गोळीचं काय करेल हे बघते. तुम्हीही तेवढं एक बघायला लागलात तर निम्मे नियम पाठ करायची गरज पडणार नाही.

आता 'जाहिरात' म्हणजे काय. बरेच जण म्हणतात आम्ही ॲड चालवत नाही, फक्त स्टेटस ठेवतो, फक्त ग्रुपवर टाकतो. १९५४ च्या कायद्यात जाहिरातीची व्याख्या इतकी पसरट आहे की नोटीस, पत्रक, लेबल, वेष्टन, इतर कुठलाही कागद, शिवाय तोंडी घोषणा आणि प्रकाश, आवाज किंवा धूर यांच्या मदतीने केलेली घोषणा, हे सगळं त्यात येतं. धूरसुद्धा! ज्यांनी धुराचा विचार करून ठेवला त्यांच्या तावडीतून तुमचं व्हॉट्सॲप स्टेटस सुटेल असं समजू नका. रील, स्टोरी, यूट्यूबचा थंबनेल, 'शुगर रिव्हर्स' वाले हॅशटॅग, ॲड साफ ठेवून लिंक उघडल्यावर दिसणारं दुकानाचं पान, सगळं एकत्र वाचलं जातं. मी स्वतः कित्येक वेळा बघितलंय की ॲडमध्ये एक शब्द वावगा नसतो आणि लिंक उघडली की पानभर 'इन्सुलिन कायमचं बंद'. हे कुणी वेगळं वेगळं करून बघत नाही.

ग्राहकांच्या व्हिडिओचं उत्तर: हो, तो तुमचाच दावा. ग्राहकाने स्वतःच्या प्रोफाइलवर आपणहून काही लिहिलं तर ते त्याचं, पण तुम्ही ते उचलून स्वतःच्या पेजवर टाकलं, बूस्ट केलं, कमेंट पिन केली, की ते वाक्य तुम्ही बोललात. 'माझी शुगर ३०० वरून ११० वर आली' हे वाक्य काकांनी म्हटलं काय आणि ग्राहक ताईंनी म्हटलं काय, वाचणाऱ्याला फरक नाही. शिवाय त्या ताईंच्या रिपोर्टमधून औषधाचा गुण कळतो हेही खरं नाही. उपाशीपोटीची शुगर आदल्या रात्री काय खाल्लं, झोप झाली का, ताप होता का यावर खालीवर होते. त्याच महिन्यात डॉक्टरांनी गोळी वाढवलेली असते, त्या चालायला लागलेल्या असतात, भात कमी केलेला असतो. त्या खोटं बोलत नाहीयेत, मनापासून सांगतायत, पण दोन रिपोर्टमधल्या बदलाचं श्रेय चूर्णाला द्यायचं की गोळीला हे त्यांनाही सांगता येणार नाही. आणि रिपोर्टवर नाव, वय, लॅबचा नंबर असतो, तो कुणाचाही असा जगासमोर टाकू नका, त्यांनी हो म्हटलं तरी नको.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे आता केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे आणि त्यांनी जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. दंड पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुढच्या वेळी ५० लाखांपर्यंत. जाहिरातीत चेहरा देणाऱ्यालाही दंड होतो, शिवाय एक वर्ष आणि परत केलं तर तीन वर्षं जाहिरात करायला बंदी येऊ शकते. त्यामुळे तुमच्या भागातल्या एखाद्या रीलवाल्या मुलीला पाच हजार देऊन तेल दाखवायला सांगणार असाल तर तिलाही हे आधी सांगा, तिला बिचारीला कल्पनाही नसते. पैसे घेतलेत किंवा प्रॉडक्ट फुकट मिळालंय हे तिने स्पष्ट सांगायला हवं, आणि मराठी रील असेल तर मराठीत, हॅशटॅगच्या गर्दीत लपवून नाही. तिने पांढरा कोट घालून गळ्यात स्टेथोस्कोप अडकवायचा नाही, हे तर नाहीच नाही. खरा ॲलोपथीचा डॉक्टर घेऊ म्हणाल तर २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरांनी औषधाची भलामण करणं अनैतिक धरलंय, तो रस्ताही नको.

त्याच सूचनांमध्ये खालच्या टीपेबद्दल आहे. मोठ्या अक्षरात दावा आणि खाली बारीक अक्षरात 'परिणाम व्यक्तीनुसार वेगळे' हे चालत नाही. टीप दाव्याच्या उलट बोलू शकत नाही, आणि दाव्याचीच भाषा, दाव्याचाच फॉन्ट हवा. मराठी पोस्टला इंग्रजी टीप लावायची सवय सगळ्यांनाच आहे, ती सोडा.

आता लायसन्स. लायसन्स आहे म्हणजे ते औषध बनवून विकायची परवानगी आहे. त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलायची परवानगी त्यात येत नाही. आणि महाराष्ट्रात हे लायसन्स राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, म्हणून पोस्टवर 'आयुष मंत्रालय मान्यताप्राप्त' लिहू नका, ती गोष्ट मुळात खरी नसते. आमच्या व्यवसायात सध्या एक गैरसमज जोरात आहे म्हणून तोही सांगते. औषध नियमांमधला नियम १७० होता, २०१८ च्या शेवटी आला, त्यात आयुर्वेदिक औषधाच्या जाहिरातीआधी राज्याकडून नंबर घ्यावा लागायचा. केंद्राने तो १ जुलै २०२४ ला काढला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने त्या काढण्याला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धचं इंडियन मेडिकल असोसिएशनचं प्रकरण बंद करताना स्थगिती उठली. तेव्हापासून लोक सांगत सुटलेत की १७० गेला, आता मोकळं रान. अजिबात नाही. १९५४ चा कायदा जिथे होता तिथेच आहे, उलट मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना या कायद्याखालच्या तक्रारी घ्यायची यंत्रणा दोन महिन्यांत उभी करा असं सांगितलंय.

कुणीतरी तुम्हाला असंही सुचवेल, किंवा सुचवलं असेलच, की आयुर्वेदिक लायसन्सऐवजी फूड लायसन्सवर काढा, मग औषधाचा कायदा लागत नाही. हा सल्ला ऐकू नका. खाद्यपदार्थाला आजार बरा करतो, टाळतो असं म्हणायलाच बंदी आहे, आणि अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. म्हणजे तिथे बोलायला आणखी कमी जागा आहे.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: चूर्णाची मधुमेहासाठी म्हणून लोकांसमोर जाहिरात नाही, शब्द फिरवून नाही, ग्राहकाच्या तोंडून नाही, डॉक्टरच्या तोंडून नाही, फूड लायसन्सवर नाही.

मग चूर्ण विकायचंच नाही का? विका की. कायद्याने एक सरळ वाट ठेवली आहे आणि छोट्या कारखान्यांना ती माहीतच नसते. कलम १४ मध्ये सूट आहे की नोंदणीकृत डॉक्टर-वैद्यांना औषधाची माहिती खासगीत पाठवता येते, त्यावर 'फक्त नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या वापरासाठी' अशा अर्थाची ओळ टाकून. तर जो पैसा ॲडवर चाललाय त्यातून दोन पानांचं चांगलं माहितीपत्रक करा. घटक किती, कुठल्या ग्रंथातला पाठ (म्हणजे औषधाची कृती) किंवा स्वतःचा योग (स्वतः ठरवलेलं मिश्रण) असेल तर तसं, बॅचचे टेस्ट रिपोर्ट, कुणाला देऊ नये, चालू गोळ्यांसोबत काय काळजी. आणि सांगली, मिरज, कोल्हापूर, कराडच्या वैद्यांकडे काकांना घेऊन स्वतः जा. वैद्य पेशंट तपासून देईल, शुगर बघत राहील, गोळी कमी करायची वेळ आली तर त्याच्या डॉक्टरशी बोलेल. वेळ लागतो, मला मान्य आहे, पण एकदा वैद्याचा विश्वास बसला की तो वर्षानुवर्षं लिहितो.

दुकानाच्या पानावर चूर्ण ठेवायचं का, हे थोडं परिस्थितीवर आहे. मंजूर लेबलवर काय छापलंय, योग ग्रंथोक्त आहे की तुमचा स्वतःचा, त्यात विषारी गटातला घटक आहे का, असेल तर वैद्यकीय देखरेखीखाली घ्या ही सूचना लेबलवर लागतेच, यावर मी वेगवेगळं उत्तर देते. साधारणपणे मी नाव, घटक, वजन, किंमत, लायसन्स नंबर, पॅकचा फोटो आणि 'वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावे' एवढंच ठेवते, आजाराचं नाव मोठं करून मथळ्यात घेत नाही, आणि शंका असली तर अन्न व औषध प्रशासनाला लेखी विचारून उत्तर फाइलला लावायला सांगते. लेखीच, फोनवर नाही.

'साइड इफेक्ट नाही' हे मात्र कुठेच लिहू नका. चूर्णाने खरोखर शुगर उतरत असेल तर चालू गोळीसोबत घेतल्यावर ती गरजेपेक्षा जास्त उतरू शकते, घाम, थरथर, चक्कर, म्हातारं माणूस पडतं. म्हणजे गुण येतो हे जितकं छातीठोक सांगाल तितकं 'साइड इफेक्ट नाही' हे खोटं ठरतं.

तेलाचं सोपं आहे, थोडक्यात सांगते. लायसन्स आयुर्वेदिक औषध म्हणून आहे की कॉस्मेटिक म्हणून ते आधी बघा. औषध नियमांमध्ये शेड्यूल जे म्हणून ५१ गोष्टींची यादी आहे ज्या बऱ्या करण्याचा दावा औषधाला करता येत नाही, त्यात टक्कल, नवीन केस उगवणं, केसांचा रंग बदलणं, अकाली पिकणं आहे, गोरेपणाही आहे. म्हणून 'टकलावर केस', 'पांढऱ्याचे काळे' नाही. 'केसांना तेलकट न होता मऊपणा', 'माका, ब्राह्मी, आवळा, खोबरेल तेलात सिद्ध केलेलं', 'आठवड्यातून दोनदा रात्री लावा' हे चालतं, आणि तेल कढईत सिद्ध होतानाचा व्हिडिओ टाका, लोक तो आवडीने बघतात. आधी-नंतरचे फोटो नकोत. आणि 'तुमचे केस गळतायत का?', 'तुम्हाला शुगर आहे?' असं समोरच्या माणसालाच उद्देशून लिहिलं तरी फेसबुक रिजेक्ट करतं, कारण माणसाच्या तब्येतीबद्दल आम्हाला माहीत आहे असं दाखवणारी ॲड त्यांच्या नियमात बसत नाही. तुमच्या काही ॲड त्यामुळेही गेल्या असणार.

सगळ्यात जास्त वेळ मात्र इनबॉक्सवर द्या, कारण खरा धोका तिथे आहे आणि तिथे कुणी तपासायला बसलेलं नसतं. पोस्ट साफ असते आणि मेसेजमध्ये कुणीतरी विचारतं, 'वडिलांची शुगर २८० आहे, किती दिवसात उतरेल? गोळी चालू ठेवायची का?' आणि ऑर्डर घेणारा मुलगा सवयीने टाकतो, 'एक महिन्यात फरक, हळूहळू बंद करा.' हा मुलगा डॉक्टर नाही, त्याने त्या वडिलांना बघितलेलं नाही. त्याला एक ठरलेलं उत्तर लिहून द्या. मी असं देते: 'चालू असलेली गोळी किंवा इन्सुलिन स्वतःहून बंद किंवा कमी करू नका. हे चूर्ण सुरू करायचं का ते तुमचे डॉक्टर किंवा वैद्य तपासून सांगतील, त्यांना हा घटकांचा कागद दाखवा. २८० शुगर असेल तर आधी त्यांना भेटा.' काही जण ऑर्डर देणार नाहीत, ठीक आहे. गरोदर बाई, लहान मूल, किडनीचा पेशंट असं काही कळलं तर ऑर्डर घ्यायचीच नाही, सरळ डॉक्टरकडे पाठवायचं.

आता लगेच करायचं काम. ग्राहकांचे रिपोर्टवाले व्हिडिओ आजच काढा, पण काढण्याआधी तारखेसकट कॉपी काढून ठेवा, उद्या कुणी विचारलं तर काय होतं आणि कधी काढलं हे दाखवता आलं पाहिजे. जुन्या पोस्ट, हायलाइट, यूट्यूबचे वर्णन, डीलर लोकांना दिलेले बॅनर, व्हॉट्सॲप कॅटलॉग, सगळं एकदा काकांसोबत बसून चाळा, डीलरनी स्वतः बनवलेले फ्लेक्सही बघा, त्यावर तुमचंच नाव असतं. काका रागावतील, इतक्या वर्षांचं त्यांचं काम आहे, त्यांना वाटेल पोरगा आपल्या औषधावर शंका घेतोय. त्यांना त्या आजोबांची गोष्ट सांगा.

आणि चूर्णाचं मंजूर लेबल आणि तेलाचं लेबल, दोन्हीचे दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका, लायसन्स नंबर झाकून टाकला तरी चालेल. तेलाच्या पोस्टची चार-पाच वाक्यं मी बघून देते.